'सारखं करणे', 'बरोबरी करणे', 'समान करणे': एका क्रियापदाचा अर्थ शोधताना

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना बरेच जण एक वाक्य सहज लिहून जातात: 'दोन्ही गट समान करण्यात आले.' मार्गदर्शक त्याखाली रेघ मारतात आणि विचारतात, "म्हणजे नक्की काय केलं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर पटकन देता येत नाही. गट समान केले, की समान आहेत असं मानलं? की तपासून पाहिलं तेव्हा ते समान आढळले? मराठीत या तीन गोष्टी वेगळ्या सांगता येतात. आपण मात्र तिन्हींसाठी एकच क्रियापद वापरून मोकळे होतो.

म्हणून या लेखात दोन कामं करायची आहेत. पहिलं, 'समान करणे' या अर्थाची मराठी क्रियापदं नेमकी कशी वापरली जातात ते पाहायचं. दुसरं, ते पाहता पाहता एखाद्या शब्दाचा अर्थ पुराव्यानिशी कसा शोधायचा याची पद्धत समजून घ्यायची. भाषाशास्त्र तुमचा विषय नसला तरी चालेल. संज्ञांची व्याख्या सगळ्यांनाच करावी लागते.

पायरी १: शब्दकोशाच्या आधी कान

शब्दकोश उघडायची घाई करू नका. आधी वाक्यं गोळा करा. माझं घर विरार पूर्वेला फुलपाड्यात आहे. पापडखिंड धरणाच्या बाजूचा हा भाग. घरात, गल्लीत, स्टेशनकडे जाताना कानावर पडतात तशी ही वाक्यं बघा:

१. निघायच्या आधी चादर सारखी कर.
२. थांब गं, ओढणी सारखी करू दे.
३. माती पसरून सारखी करा, मग लाद्या बसवू.
४. दोघांचे वाटे सारखे कर, नाहीतर भांडतील.
५. मोठ्या भावाची बरोबरी करू नकोस.
६. चहाचे तू दिलेस, वडापावचे मी. फिट्टंफाट!
७. हिशोब बरोबर आहे, मोजून घे.
८. (पाटीवर) रस्त्याचे काँक्रिटीकरण.

आठवं वाक्य इथे का आलं ते पुढे कळेल. सध्या एवढंच लक्षात घ्या की पहिल्या चार वाक्यांत क्रियापद एकच आहे, 'सारखं करणे', पण चारही ठिकाणी काम एकच नाही. चादर कोणाइतकी केली? ओढणी कोणासारखी केली? तिथे दुसरी वस्तूच नाही.

पायरी २: अर्थ वेगळे करायच्या चाचण्या

'मला असं वाटतं' हा पुरावा नसतो. वाक्यात एक छोटा बदल करायचा आणि वाक्य टिकतं का ते बघायचं, ही भाषाशास्त्रातली सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची पद्धत आहे.

*'एकमेकांसारखे' ही चाचणी.* 'दोघांचे वाटे एकमेकांसारखे कर' चालतं. 'चादर एकमेकांसारखी कर' अजिबात चालत नाही. म्हणजे चौथ्या वाक्यात तुलना दोन वस्तूंची आहे, पहिल्यात नाही.

*'नीट' ही चाचणी.* 'चादर नीट कर', 'ओढणी नीट करू दे' यात अर्थ जवळपास तोच राहतो. 'दोघांचे वाटे नीट कर' म्हटलं की अर्थ बदलतो. नीट केलेले वाटे लहान-मोठे असू शकतात.

*'सपाट' ही चाचणी.* 'माती सपाट करा' चालतं. 'ओढणी सपाट करू दे' असं कोणी म्हणत नाही.

हाती काय लागलं? 'सारखं करणे' या क्रियापदाचे निदान तीन अर्थ:

(अ) दोन किंवा जास्त वस्तू एकमेकींइतक्या करणे. इथे कर्म अनेकवचनी लागतं, किंवा 'याच्यासारखं' असा दुसरा पक्ष लागतो.
(आ) एकाच पृष्ठभागाचे उंच-सखल भाग एका पातळीला आणणे.
(इ) एखादी वस्तू तिच्या योग्य अवस्थेला आणणे.

तीनही अर्थांमध्ये एक धागा आहे. (अ) मध्ये वस्तूची तुलना दुसऱ्या वस्तूशी होते, (आ) मध्ये वस्तूच्याच एका भागाची दुसऱ्या भागाशी, आणि (इ) मध्ये वस्तूची तुलना ती 'जशी असायला हवी' त्या रूपाशी. ओढणी कशी असायला हवी हे कुठे लिहिलेलं नाही, पण बोलणारीला आणि ऐकणारीला ते माहीत असतं. म्हणजे तिसऱ्या अर्थातही तुलना आहेच, फक्त ज्याच्याशी तुलना करायची ते माप डोक्यात आहे.

हे मराठीपुरतंच नाही. आपल्याकडे विरारमध्ये गुजराती शेजारी असतातच. गुजरातीत 'सरखुं' म्हणजे समान आणि 'सरखुं कर' म्हणजे नीट कर. कोकणीत 'सारकें' म्हणजे बरोबर, योग्य. शेजारच्या भाषांमध्ये अर्थाची तीच जोडी दिसली, तर तो योगायोग समजून सोडून देऊ नका, त्याची नोंद करा.

मध्येच एक खड्डा: 'सारखा बोलतो'

'तो सारखा बोलतो' यातला 'सारखा' म्हणजे सतत. आता वाक्य शोधायला इंटरनेटवर 'सारखी' हा शब्द टाकलात तर दोन्ही प्रकार एकत्र येतील. वेगळे कसे करायचे? इथे व्याकरण मदतीला येतं:

दादा चादर सारखी करतो.
दादा सारखा चादर झटकतो.

पहिल्या वाक्यात 'सारखी' चादरीप्रमाणे बदलली. दुसऱ्यात 'सारखा' दादाप्रमाणे बदलला. 'नीट करणे' या अर्थाचा शब्द कर्माशी जुळतो, 'सतत' या अर्थाचा कर्त्याशी. म्हणून उदाहरण तयार करताना कर्ता आणि कर्म मुद्दाम वेगळ्या लिंगाचे घ्या. 'आई सारखी चादर...' असं घेतलंत तर 'सारखी' कोणाची हे रूपावरून कळणारच नाही. प्रश्नावली तयार करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे: ज्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या आहेत, त्या उदाहरणातही वेगळ्या दिसायला हव्यात.

पायरी ३: आता शब्दकोश, आणि शब्दाचा प्रवास

आता कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही आज ऑनलाइन शोधता येतात. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश (१९९९) आहे. व्युत्पत्तीसाठी टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. आपण काढलेले तीन अर्थ कोशात कसे मांडलेत, कोणता आधी दिलाय, कोणता राहून गेलाय, हे ताडून बघा. आधी स्वतःचं वर्गीकरण आणि मग कोश, हा क्रम ठेवला तर कोशाशी वाद घालता येतो. उलटा ठेवला तर फक्त उतरवून घेणं होतं.

'सारखा' चा प्रवास संस्कृत 'सदृक्ष' पासून, प्राकृत 'सरिक्ख' वरून, जुन्या मराठीतल्या 'सारिखा' पर्यंत आणि तिथून आजच्या रूपापर्यंत असा सांगितला जातो. मूळ अर्थ 'तसाच दिसणारा'. 'बरोबर' मात्र फारसीतून आला. तिथे 'बर' म्हणजे छाती, आणि 'बराबर' म्हणजे छातीला छाती लावून, एका रांगेत.

गंमत अशी की दोन्ही शब्द वेगळ्या घरांतून आले, पण मराठीत दोघांनी एकच वाट धरली. 'सारखा' समानतेकडून 'नीट' कडे गेला, आणि 'बरोबर' समानतेकडून 'अचूक' कडे. 'उत्तर बरोबर आहे' म्हणताना उत्तर कोणाच्या बरोबरीचं आहे याचा विचार आपण करत नाही. पण मुळात तुलना आहेच: तुमचं उत्तर आणि पुस्तकामागचं उत्तर. तराजूची दोन पारडी बरोबर आली की वजन बरोबर. माझं म्हणणं असं की 'योग्य' ही कल्पनाच इथे 'मापाइतकं' या कल्पनेतून आली असावी. हा निष्कर्ष नाही, गृहीतक आहे. ते तपासायचं तर वेगवेगळ्या शतकांतले मजकूर घेऊन कोणता अर्थ आधी सापडतो ते पाहावं लागेल.

'बरोबरी करणे': वरून खाली नाही, खालून वर

'सारखं करणे' यात 'सारखं' हे विशेषण आहे. 'बरोबरी करणे' यात 'बरोबरी' हे नाम आहे. म्हणून 'सुनीलने दोन्ही ढीग सारखे केले' यात क्रियापद ढिगांप्रमाणे चालतं आणि 'सुनीलने दादाची बरोबरी केली' यात 'बरोबरी' प्रमाणे. दुसरा फरक असा की पहिल्या वाक्यात सुनील बाहेरून काम करतो, तर दुसऱ्यात तो स्वतःच तुलनेतला एक पक्ष आहे.

याहून मोठा फरक दिशेचा आहे. ५ नोव्हेंबर २०२३ ला कोलकात्यात विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यातलं ४९ वं शतक काढलं, तेव्हा त्याने सचिन तेंडुलकरच्या विक्रमाची बरोबरी केली. इथे कौतुक आहे. 'तू माझी बरोबरी करतोस?' यात मात्र राग आहे. दोन्हीकडे एक गोष्ट कायम राहते: 'ची' लागलेला पक्ष वरचा, कर्ता खालून वर जाणारा. 'साहेबांनी शिपायाची बरोबरी केली' हे व्याकरणाने चुकीचं नाही, पण ऐकताना खटकतं.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, स्त्री-अभ्यास घेणाऱ्यांनी इथे थांबावं. 'स्त्रिया पुरुषांची बरोबरी करू लागल्या' हे वाक्य निबंधात चांगलं वाटतं. पण त्यात पुरुष हे माप ठरले आहेत आणि तिथवर पोचायची जबाबदारी स्त्रियांवर आहे. 'स्त्री-पुरुषांना समान हक्क मिळाले' यात दोघं एका पातळीवर आहेत आणि हक्क देणारा तिसरा कोणी आहे, कायदा किंवा राज्य. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. हे 'मुलींनी मुलांची बरोबरी केली' असं लिहिलंत तर घटनाच बदलते. कायदा बदलला, मुली नाही.

'समता' या शब्दाचं वागणंही पाहा. 'समता करणे' असं मराठीत कोणी म्हणत नाही. समता आणतात, मानतात, प्रस्थापित करतात. डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाचं १९२८ मध्ये सुरू झालेलं पत्र 'समता' याच नावाचं होतं. त्या नावाच्या जागी 'बरोबरी' ठेवून पाहा. मागणीचा सूरच बदलून जातो.

'समीकरण' आणि काँक्रिटीकरण

आता आठव्या वाक्याकडे. संस्कृतात 'सम' ला 'कृ' जोडताना मध्ये 'ई' येतो: समीकरण. पाणिनीने यासाठी च्वि नावाचा प्रत्यय सांगितला आहे (अष्टाध्यायी ५.४.५०), आणि परंपरेने त्याचा अर्थ नेमका केला आहे: जे आधी तसं नव्हतं, ते तसं करणं. म्हणजे 'समीकरण' या शब्दातच 'आधी समान नव्हतं' ही माहिती भरलेली आहे. शुद्धीकरण म्हणजे आधी अशुद्ध होतं. राष्ट्रीयीकरण म्हणजे आधी खासगी होतं.

मराठीने हा 'ईकरण' इतका आपलासा केला की तो संस्कृत नसलेल्या शब्दांनाही लागतो. सपाटीकरण, आणि पालिकेच्या प्रत्येक फलकावर असतं ते काँक्रिटीकरण.

खुद्द 'समीकरण' ची क्रिया मात्र हरवली. गणितात समीकरण मांडतात आणि सोडवतात, राजकारणात जातीय समीकरणं जुळवतात. कुठेच काही समान 'केलं' जात नाही. म्हणून प्रबंधात 'गटांचे समीकरण केले' असं लिहू नका. शब्द मुळाला धरून असला तरी वाचकाला तो अर्थ आता लागत नाही.

संशोधनात हे कुठे अडतं

आता सुरुवातीच्या रेघ मारलेल्या वाक्याकडे येऊ. चार वेगळ्या क्रिया आहेत:

*समान करणे.* तुम्ही काहीतरी कृती केली. उदाहरणार्थ, वय आणि आधीचे गुण पाहून जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला एकेक जण एकेका गटात टाकला. किंवा चिठ्ठ्या टाकून गट पाडले. चिठ्ठ्यांनी गट सरासरीने सारखे व्हायची अपेक्षा असते, प्रत्येक वेळी तंतोतंत होतीलच असं नाही. काय केलं ते लिहा.

*समान मानणे.* कृती केली नाही, गृहीत धरलं. हा गुन्हा नाही, पण 'मानले' असंच लिहा, आणि का मानलं तेही.

*समान आढळणे.* तपासलं आणि फरक दिसला नाही. इथे फार जण घसरतात. 'लक्षणीय फरक आढळला नाही' याचा अर्थ 'दोन्ही समान आहेत' असा होत नाही. नमुना लहान असला तर खरा फरकही नजरेतून सुटतो.

*समान ठरवणे.* नियमाने किंवा सूत्राने दोन वेगळ्या गोष्टींना एकच किंमत दिली.

या चार क्रियांची सरमिसळ झाली की काय होतं ते स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना माहीत आहे. २०२३ च्या तलाठी भरतीची परीक्षा अनेक सत्रांत झाली, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये यादी आली तेव्हा २०० पैकी २१४ गुण पाहून राज्यभर गदारोळ झाला. कारण होतं नॉर्मलायझेशन. वेगवेगळ्या सत्रांचे गुण एका मोजपट्टीवर आणताना मूळ पट्टीची वरची मर्यादा आपोआप टिकत नाही, सूत्रानुसार गुण तिच्या वर जाऊ शकतात. हे आकडे म्हणजे पेपरात 'मिळालेले' गुण नव्हते, 'ठरवलेले' गुण होते. पण लोकांसमोर दोन्ही 'गुण' म्हणूनच आले.

नेटचं पर्सेंटाइल समजून घेतलं तर मुद्दा स्पष्ट होईल. समजा एकाच विषयाची परीक्षा दोन सत्रांत झाली, प्रत्येकी १,००० जण. पहिल्या सत्रात १२० किंवा त्याहून कमी गुण ९०० जणांना, म्हणून १२० गुणांना ९० पर्सेंटाइल. दुसरा पेपर अवघड होता. तिथे १०५ किंवा कमी गुण ९०० जणांना, म्हणून १०५ गुणांनाही ९० पर्सेंटाइल. १२० आणि १०५ समान *ठरवले*. कशाच्या आधारावर? दोन्ही सत्रांतले विद्यार्थी एकंदरीत सारख्याच तयारीचे आहेत असं *मानलं*, म्हणून. विद्यार्थी जास्त असतील आणि सत्रं यादृच्छिकपणे वाटली असतील, तर हे मानणं रास्त आहे. एका सत्रात बहुतेक जण एकाच प्रकारच्या पार्श्वभूमीचे आले तर ते डळमळतं. २०२४ पासून पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जातात, त्यामुळे हा फरक आपल्या प्रवेशाशी थेट जोडलेला आहे.

आणि मराठी पारिभाषिक शब्द? इथेही जपून. 'सामान्यीकरण' हा शब्द नॉर्मलायझेशनसाठी वापरतात आणि नमुन्यावरचा निष्कर्ष सगळ्यांना लावण्यासाठीही. 'प्रमाणीकरण' म्हणजे चाचणीचं प्रमाणीकरण, आणि आधारचं प्रमाणीकरण सुद्धा. त्यामुळे असा शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगून टाका: 'या प्रबंधात सामान्यीकरण म्हणजे...' भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर पाहा, पण कोशातला शब्द वापरला म्हणून व्याख्येतून सुटका नाही.

स्वतः करून बघा

१. 'जुळवणे' हे क्रियापद घ्या. पत्रिका जुळवणे, हिशोब जुळवणे, रंग जुळवणे, शब्द जुळवणे. यातल्या कोणत्या वाक्यांत दोन वस्तूंची तुलना आहे आणि कोणत्यात नाही? 'एकमेकांशी' ही चाचणी लावून बघा.

२. 'फिट्टंफाट' मध्ये 'समान करणे' आहे का? असेल तर काय समान झालं: रक्कम, की देणं-घेणं? चहा आणि वडापाव यांची किंमत वेगळी असली तरी फिट्टंफाट होते का?

३. तुमच्या प्रस्तावात 'समान', 'समतुल्य', 'सारखे' हे शब्द जिथे आलेत तिथे खूण करा. प्रत्येकापुढे लिहा: केलं, मानलं, आढळलं की ठरवलं? जिथे उत्तर देता आलं नाही, ते वाक्य मार्गदर्शकांकडे जायच्या आधी दुरुस्त करा.